सेरेकोचे कान

"थांब," मी म्हणालो, आणि बाण सुटला.

गिनी कोंबड्यांचा अख्खा थवा धुरळा उडवत उठला आणि ओढ्यापलीकडे गेला. हामिसीचा बाण गोरखचिंचेच्या मुळात जाऊन बसला होता. तो मान खाली घालून त्या बाणाकडे बघत उभा राहिला.

"आजोबा म्हणाले थांब, आणि याला ऐकू आलं सोड," नुहू म्हणाला. "सेरेकोचे कान आहेत याचे."

"तुझे असतील. तुझ्या बापाचे असतील."

"माझ्या बापाचे असते तर परवाचं साळिंदर तुम्ही खाल्लं असतंत का?"

पोरं हसली. एरवी मीही हसतो. या सरोवराकाठच्या आमच्या सगळ्या वस्त्यांत ही म्हण आता मुरली आहे. कुणी हाक मारली आणि ओ आली नाही, की सेरेकोचे कान. मध आणायला सांगितला आणि कुणी मुळं घेऊन आला, की सेरेकोचे कान. माझ्या मुलांनी ती म्हण वापरली, आता त्यांची मुलं वापरतात.

अशुरा, माझ्या लेकीची लेक, पडलेले बाण वेचून आणत होती. तिने ते माझ्यासमोर ठेवले आणि विचारलं, "आजोबा, सेरेको केवढा असतो?"

"म्हणजे?"

"सशाएवढा का झेब्र्याएवढा? मी कधी बघितलाच नाही. सगळे मारून संपवले का तुम्ही?"

झोपडीच्या सावलीत माझी बायको तौसी दगडावर गोरखचिंचेच्या बिया फोडत बसली होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. सेरेको तिची आई होती. आईवरची थट्टा ऐकून ऐकून तिने ती केव्हाच पचवली होती. पण आई जनावर होऊन गेल्याचं तीही आजच ऐकत असावी.

मी पोरांना पुष्कळ शिकवलं आहे. धनुष्याची तात दातांनी चावून मऊ कशी करायची, बाणाची काडी विस्तवावर धरून दातांत सरळ कशी करायची, वारा तोंडावर घेऊन कसं चालायचं. वस्तीतल्या प्रत्येक पोराचं पहिलं धनुष्य माझ्या हातचं आहे. पण धनुष्य हातात घेतलेल्या माणसाला जे सगळ्यात आधी यायला हवं, ते मी कुणालाच शिकवलं नव्हतं. कारण ते शिकवायचं तर सेरेकोचं नाव घ्यावं लागलं असतं.

"धनुष्यं खाली ठेवा," मी म्हणालो. "बसा. सेरेको तुमची पणजी."

"माणूस?" अशुरा म्हणाली.

"माणूस."

माझं लग्न झाल्यावर मी आमच्या रीतीप्रमाणे सासूच्या वस्तीत राहायला आलो. जावयाने सासूला मांस द्यायचं आणि दोघांनी एकमेकांशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी आमच्यात पद्धत आहे. म्हणून सेरेको माझ्याशी बोलायची नाही. ती तौसीशी बोलायची, कुत्र्याशी बोलायची, चुलीच्या दगडाशी बोलायची. लेकी बोले आणि जावया लागे.

"तौसी, आज काय आलं गं? ससा? वा. एक कान तू खा, एक मी खाते."

कुत्र्याला सांगायची, "चांगला धनी मिळाला रे तुला. तुझ्यासारखाच आहे. भुंकतो लांबून."

सगळी वस्ती हसायची. तिच्या तोंडाला धार होती. संध्याकाळी दुसऱ्यांच्या चुली सोडून माणसं तिच्या चुलीपाशी येऊन बसायची, ती आज कुणाला सोलते ते बघायला. मला टोचायचं, पण मीही हसायचो. आणि खरंही होतं ते. दोन वर्षं मी ससे, पाखरं, लहान हरणं यांच्यापुढे गेलो नव्हतो. तिच्या थोरल्या लेकीच्या नवऱ्याने तेवढ्यात एक जिराफ पाडला होता.

उन्हाळा सरत आला होता. पाण्याची एकेक जागा आटत होती. एके दिवशी दुपार कलताना मला खडकातल्या डबक्याशी झेब्रे दिसले. मी साठ पावलांवर होतो. तीस पावलांच्या पुढे बाण सोडायचा नाही, हे मला तौसीच्या मामाने, गुडोने, शिकवलं होतं. आमच्या वस्तीतला माग काढणारा माणूस म्हणजे गुडो. विष जुनं झालं की ते विष राहत नाही, चिखल होतो, हेही त्यानेच सांगितलेलं. माझ्या पात्यावरचं विष गेल्या पावसाआधीचं होतं. नवं शिजवायचा मी कंटाळा केला होता.

तरी मी सोडला. बाण मागच्या मांडीत बसला. झेब्रा उधळला, वळणावर एकदा गुडघ्यांवर आला आणि झुडपांत गेला.

"मग तुम्ही मागे पळालात?" हामिसीने विचारलं.

"नाही. मागे पळालं की जनावर लांब जातं. सोडून द्यायचं आणि घरी यायचं."

"आणि सांगायचं."

"नाही सांगायचं. गप्प बसायचं. लोक जुडीतले बाण मोजतात. एक कमी दिसला की समजतात, विचारत नाहीत. सकाळी दोघा-तिघांना घेऊन मागावर जायचं. जनावर मेलेलं दिसलं, त्याच्यावर हात ठेवला, की मगच त्याचं नाव बदलायचं."

हे पोरांना ठाऊक होतं. जिवंत झेब्रा म्हणजे डोंगोको. तोच मेला की हांतायी. प्रत्येक मोठ्या जनावराला आमच्यात अशी दोन नावं असतात, आणि दुसरं नाव ऐकलं की वस्ती हलते. बायका भोपळे, कातडी, पोरं उचलतात आणि मांस जिथे पडलंय तिथे जाऊन राहतात. मांस आणण्यापेक्षा माणसं नेणं सोपं.

त्या संध्याकाळी मी परतलो तेव्हा तौसी पाण्याला गेली होती. सेरेको एकटीच होती. विस्तवात कंद भाजत होती. मी बसल्यावर तिने माझ्या जुडीकडे बघितलंच नाही आणि कंदाला म्हणाली, "तू बरा रे बाबा. तुला पळता येत नाही. पाय असते तर तूही आमच्या घरी आला नसतास."

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मी हळूच म्हणालो, "हांतायी."

तिने थेट माझ्याकडे बघितलं. सासू असं बघत नाही. मग तिने कंद राखेत टाकून दिला आणि ती उठून पळत सुटली. या चुलीपासून त्या चुलीपर्यंत. "हांतायी. माझ्या जावयाचा. हांतायी." तिने मला जावई म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ती दहा पावलांवर असताना उठून तिला थांबवता आलं असतं. मला झेब्रा गुडघ्यांवर आलेला दिसत होता आणि मी स्वतःला सांगत होतो, मेला असेल, सकाळपर्यंत मरेलच.

मी उठलो नाही.

सकाळी तिघांच्या ऐवजी तेवीस जण निघाले. म्हातारी, तान्ही, सगळी. उजाडल्यावर थोड्या वेळाने बाणाची काडी सापडली, पातं आत राहिलं होतं. मग रक्ताचे थेंब, आधी हातभर अंतरावर, मग पाच पावलांवर, मग नाहीच. ऊन डोक्यावर आलं तरी आम्ही चालत होतो. भोपळ्यातलं पाणी संपलं. तौसीच्या थोरल्या बहिणीचं तान्हं बाळ सकाळपासून रडत होतं, ते रडायचं थांबलं, तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

गुडो वाळूच्या एका पट्ट्यावर उकिडवा बसला. त्याने खुराच्या ठशात बोट घातलं, मग बाजूच्या गवताकडे दाखवलं. गवताचे शेंडे तुटलेले होते.

"इथे चरलाय तो," गुडो म्हणाला. "मेलेलं जनावर चरत नाही. हांतायी कोण म्हणालं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आमच्यात कुणी कुणाला शिक्षा करत नाही. ज्याने जिवंत जनावराला मेल्याचं नाव दिलं, त्याच्या मागावर पुन्हा कुणी येत नाही, एवढंच. तो बाण मारतो आणि एकटाच शोधतो. अशा माणसाजवळ बायकोही राहत नाही, आपलं कातडं गुंडाळते आणि आईच्या चुलीपाशी जाऊन निजते. मी तोंड उघडलं होतं. त्यातून काय बाहेर पडणार होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

सेरेकोने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

"कोण म्हणजे? मी म्हणाले," ती म्हणाली. "तो डोंगोको म्हणाला. मला हांतायी ऐकू आलं."

गुडो तिच्याकडे बघत राहिला. "डोंगोको आणि हांतायी? सेरेको, यात एक तरी आवाज सारखा आहे का?"

"काय म्हणतोस?" तिने कानामागे हात धरला.

"एक तरी आवाज सारखा आहे का, म्हटलं."

"हो, बसलाय आवाज बाळाचा. पाणी बघा आधी त्याला."

कुणीतरी फिसकलं. मग दुसरं कुणी. मग ती दमलेली, तहानेने ओठ फुटलेली माणसं पोट धरून हसायला लागली. तौसी मात्र हसली नाही. ती आईसमोर जाऊन ओरडली, "तुझ्या कानांपायी ताईचं पोर गेलं असतं."

"हं," सेरेको म्हणाली. "ऊन आहे खरं."

आम्ही कोरड्या ओढ्यात खड्डा खणून पाणी काढलं. बाळ वाचलं. कुणी मेलं नाही, म्हणूनच त्या दिवसाची थट्टा होऊ शकली.

"आणि झेब्रा?" नुहूने विचारलं.

"तोही जगला असेल. पातं घेऊन."

"मग बरंच झालं की," हामिसी म्हणाला.

बरं झालं नाही. थोडंसं ऐकू न येण्याने डोंगोकोचं हांतायी होत नाही. ते खोटं टिकायचं तर सेरेकोला ठार बहिरं व्हावं लागलं, आणि बहिरं राहावं लागलं. अकरा पावसाळे ती बहिरी राहिली.

पहिल्याच महिन्यात लोक तिच्या कानाशी येऊन ओरडायला लागले. मग ओरडण्याचाही कंटाळा आला. चुलीपाशी गप्पा चालायच्या आणि ती मधोमध बसलेली असायची. कुणी विनोद केला की सगळे हसायचे, आणि ती सगळ्यांची तोंडं बघून मग हसायची. तो एक क्षण ती मुद्दाम उशीर करायची. जिच्या जिभेवर वस्ती नाचायची, ती आता दुसऱ्यांचे अर्धेमुर्धे विनोद ऐकून न ऐकल्यासारखी बसे. तिला त्यावर काय सुचत असेल, ते तिच्या डोळ्यांत यायचं आणि तिथेच विरून जायचं. तरणी पोरं तिच्या पाठीमागे उभी राहून वाटेल ते बोलायची. ती मानही वळवायची नाही.

माझं बरं चाललं होतं. मी त्याच वर्षी नवं विष शिजवलं, तीस पावलांच्या आत जायला शिकलो, आणि पुढच्या उन्हाळ्यात खरोखरच झेब्रा पाडला. गुडो माझ्या मागावर आला. पहिला वाटा मी सेरेकोकडे पाठवला. तिने तो घेतला आणि तौसीला मोठ्याने विचारलं, "ससा आहे का गं?" लोक हसले. मीही हसलो. ती मला काय सांगत होती ते मला कळलं होतं, आणि तरीही हसलो.

सासूशी बोलायचं नाही ही रीत मला फार उपयोगी पडली. आज नको, आज तर बोलताच येत नाही, असं म्हणत मी वर्षं काढली. पण गुडोशी बोलता आलं असतं. तौसीशी तर रोजच बोलत होतो.

एकदा आम्ही वाटेने चाललो होतो. पुढे सेरेको खणायची काठी घेऊन, मध्ये आमची लेक, म्हणजे अशुराची आई, तेव्हा एवढीशी, आणि मागे मी. सुकलेल्या गवतात अगदी बारीक सरसर झाली. मला ती ऐकू आली नव्हती. सेरेको थांबली आणि तिने काठी मागे आडवी करून पोरीच्या छातीशी धरली. मग तीन पावलांवर जाडजूड साप वाटेत आला, आडवा होऊन निघून गेला. सेरेकोने वळून बघितलं. मी पाहिलंय हे तिला कळलं. तिने बहिरी माणसं धरतात तसा कानामागे हात धरला आणि भुवया वर केल्या, जणू मी काही विचारलं होतं आणि तिला ऐकू आलं नव्हतं. मग पुढे चालायला लागली. आम्हा दोघांत जे काही बोलणं झालं, ते एवढंच.

अकराव्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. डबकी आटली होती, बाकीचे लोक पाण्याकडे निघून गेले होते, आम्ही तिच्यासाठी मागे राहिलो होतो. तौसी दिवसभर तिच्याजवळ असायची आणि ओरडायची. "आई, पाणी देऊ का? आई, कुशीवर वळवू का?" तिचा आवाज टेकडीवर आपटून परत यायचा. प्रत्येक हाकेला सेरेकोचा चेहरा आक्रसायचा. दुखण्याने आक्रसतोय, असं तौसीला वाटायचं. मी बाहेर बसून बाण सरळ करत असायचो. 'हळू बोल, तिला ऐकू येतं,' एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द ओठांवर यायचे आणि मी बाणाची काडी दातांत धरायचो.

ती तशीच गेली.

हामिसी बोटाने मातीत रेघा ओढत होता.

"म्हणजे पणजी बहिरी नव्हतीच," नुहू म्हणाला.

"नव्हती. वस्तीत सगळ्यात तिखट कान तिचे होते."

अशुरा विचारात पडली. "मग आता कुणाचे कान म्हणायचं?"

"कान कुणाचेच नको. माझं नाव घ्या, तोरोंगेची जीभ म्हणा. कुणी वेळेआधी बोललं, की म्हणायचं, तोरोंगेची जीभ आहे याची."

त्यांनी ते मनातल्या मनात म्हणून बघितलं. नुहूने मान हलवली. "ते बरं नाही वाटत, आजोबा. हसू येत नाही त्याने."

बिया फोडण्याचा आवाज बंद झाला होता. केव्हापासून, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"जा रे पोरांनो," तौसी म्हणाली. "ओढ्यापलीकडे बघा, कोंबड्या उतरल्या असतील. अशुरा, तूही जा."

पोरं धनुष्यं उचलून गेली. तौसी जागची हलली नाही. तिच्या मांडीवर अर्धवट फुटलेल्या बिया होत्या.

"तिला ऐकू येत होतं," ती म्हणाली.

"हो."

"शेवटीसुद्धा?"

"हो."

तिने मांडीवरच्या बिया एकेक करून दगडावर ठेवल्या. "पाणी आटलं होतं तेव्हा मी तिच्या कुशीत पडायचे. लेकरं तहानेने कुरकुरायची बाहेर. मी म्हणायचे, आई, आता जा. एकदाची जा, म्हणजे पोरांना पाण्यापाशी नेता येईल. ओरडून नाही म्हणायचे. आपलं स्वतःशी. रोज म्हणायचे, तोरोंगे. मला वाटायचं, मी एकटीच ऐकतेय."

मला वाटत होतं, मी एका बाईचं नाव घालवलं आणि ते आज जमेल तेवढं परत केलं. तौसीच्या या रोजच्या बोलण्याची मला कल्पनाच नव्हती.

ती उठून कातडं गुंडाळेल, असं मला वाटलं. या वयातही. तिने तसं केलं असतं तर मी अडवलं नसतं.

ओढ्याकडून पोरांची कुजबुज ऐकू येत होती.

"त्या संध्याकाळी मी पाण्याला गेले होते," तौसी म्हणाली. "ती पळाली म्हणालास."

"हो."

"म्हणजे चालली भराभर?"

"नाही. पळाली."

"मी तिला पळताना कधी बघितलं नाही." तिने पदरासारखं पांघरलेलं फडकं खांद्यावर ओढून घेतलं. "हातात काय होतं तिच्या?"

"काही नाही. हात वर केले होते तिने. मणी वाजत होते."

"कुणाच्या चुलीपाशी आधी गेली?"

"गुडोच्या."

"आणि माझ्या जावयाचा म्हणाली."

"प्रत्येक चुलीपाशी म्हणाली."

तौसी माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिने पाय पसरले. "पुन्हा सांग," ती म्हणाली. "मी भोपळा घेऊन निघाले, तिथपासून सांग."

मी सांगू लागलो. थोडं सांगून झालं असेल, तेवढ्यात तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "मला ऐकू येतं."

मी आवाज खाली आणला आणि पहिल्यापासून सुरू केलं.